शिंपल्याच्या मुठीचा चाकू

पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना मळवली स्टेशनवर उतरले, की समोर लोहगड आणि विसापूर ही किल्ल्यांची जोडी दिसते. विसापूरच्या पायथ्याशी भाजे गाव आहे आणि गावामागच्या डोंगरात बावीस लेणी आहेत. त्यांतले चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. आत सत्तावीस अष्टकोनी खांब आणि वर छताला लागून चक्क लाकडी कमानी! दोन हजार वर्षांपूर्वीचे लाकूड आपल्या पावसाळी मावळात टिकून राहिले, हेच एक नवल. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांना त्या लाकडावर ब्राह्मी अक्षरेही सापडली.

आता वाचकहो, एक प्रश्न विचारतो. दगड राहिला, लाकूड राहिले, अक्षरेही राहिली. भिंतींवर छिन्नीचे घाव आजही बोटांना लागतात. मग ज्या छिन्न्यांनी हा डोंगर फोडला, ज्या वाकसांनी ते लाकूड तासले, ती हत्यारे कुठे गेली?

उत्तर कोणताही लोहार देईल. लोखंड गंजते हे खरे. पण गरिबाच्या घरचे लोखंड गंजेपर्यंत टिकतच नाही. पहार झिजली की तिची छिन्नी होते, छिन्नी झिजली की तिचा खिळा होतो. मोठ्याचे लहान होत होत वस्तू नाहीशी होते. भाज्यासमोर इंद्रायणीच्या पलीकडे कार्ल्याचे लेणे आहे. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केल्याची नोंद आहे. कोकणात कुड्याच्या लेण्यात कऱ्हाडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. म्हणजे सुताराचे नाव उरले, लोखंड विकणाऱ्याचे नाव उरले. पण सुताराच्या हातातले लोखंड उरले नाही. ज्याने काम केले त्या वस्तूचाच पुरावा सगळ्यात आधी पुसला जातो, हा इतिहासाचा एक उफराटा न्याय आहे.

हा न्याय थोडासा का होईना, आपल्याला उलटवता येईल काय? येईल, आणि त्यासाठी राजवाड्यातली तलवार लागत नाही. एखाद्या जुन्या पेटीच्या तळाशी, तुटक्या चष्म्याशेजारी पडलेला मिटता चाकू पुरे. अशा चाकूंपैकी काहींच्या मुठीवर शिंपल्याचे चकचकीत तुकडे बसवलेले असतात. भंगारवाला त्याला फार तर लोखंडाचा भाव देतो. मी म्हणतो, तो तुम्ही घ्या. तो का घ्यायचा, ते सांगतो.

प्रथम चाकूची गोष्ट. पाते मुठीत मिटवण्याची युक्ती फार जुनी. रोमन लोकांच्या काळचे असे चाकू युरोपात सापडले आहेत. मुठीच्या पाठीला स्प्रिंग बसवून पाते उघडे असताना घट्ट धरण्याची रीत इंग्लंडात सतराव्या शतकात रुळली. आपल्याकडे चाकूचे एक खास काम होते, आणि ते शिक्षकबंधूंनी आवर्जून ध्यानात घ्यावे. बोरूचे तोंड तिरपे कापायचे, मधोमध बारीक चीर द्यायची, आणि अक्षर जाड येऊ लागले की पुन्हा कापायचे. त्या चाकूला आपल्या दफ्तरांत फारसीतून आलेले नाव होते, ‘कलमतराश’. पेशव्यांच्या दफ्तरातला कारकून असो की गावचा कुलकर्णी असो, कलमतराश बोथट तर मोडी अक्षर बोथट! युरोपात हेच काम पिसाच्या लेखणीचे. इंग्रजीत लहान चाकूला ‘पेन-नाइफ’ म्हणतात ते त्यामुळेच. पुढे एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाक निघू लागले, मागाहून शाईची पेने आली, आणि चाकूचे मूळ काम गेले. नाव मात्र राहिले. चाकू पेन्सिल तासू लागला, कैरी चिरू लागला, सुतळी तोडू लागला.

हे घडीचे चाकू दोन गावांत फार मोठ्या संख्येने होत. एक इंग्लंडातले शेफील्ड, दुसरे जर्मनीतले झोलिंगेन. शेफील्डच्या चाकू-कारागिरांच्या संघाला १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडे तिथल्या जोसेफ रॉजर्स कंपनीच्या मालाला नाव होते. चांदणी आणि क्रूस ही तिची खूण. हा माल बोटीने मुंबईला उतरे. १८६३ साली रेल्वेने बोरघाट चढला, आणि मुंबईच्या बाजारातली वस्तू सरळ मावळ ओलांडून पुण्याला पोचू लागली. भाज्याच्या लेण्यांवरून खाली पाहिले तर ती लोहमार्गाची रेघ आजही दिसते. देशावरच्या जुन्या घरांत शेफील्डचे पाते निघाले, तर ते बहुधा याच वाटेने आले, असे समजायला हरकत नाही.

आता शिंपल्याकडे वळू. मुठीवरची ती चकाकी म्हणजे रंग नव्हे. मोत्याच्या कालवाच्या शिंपल्याचा आतला थर चुन्याच्याच जातीच्या स्फटिकांचा असतो. हे स्फटिक कागदाच्या गठ्ठ्यासारखे थरावर थर रचलेले असतात आणि प्रत्येक थर केसाहूनही कितीतरी पातळ असतो. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, म्हणून शिंपला हलवला की गुलाबी, हिरवी, निळी झाक पळताना दिसते. साबणाच्या बुडबुड्यावर जो खेळ दिसतो, तोच हा.

समुद्रातला शिंपला घाट चढून देशावर येणे ही गोष्टही नवी नव्हे. मराठवाड्यातल्या तेर येथे आणि नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला उत्खननांत शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत. त्या सातवाहनांच्या वेळी भाज्याशेजारच्या घाटवाटांनी कोकण आणि देश जोडलेले होते. फरक इतकाच, की तेव्हाचा शंख आपल्या किनाऱ्यांवरचा होता, तर चाकूच्या मुठीवरचा शिंपला बहुधा फार लांबचा. विसाव्या शतकाच्या आरंभी जगाला लागणाऱ्या मोतीशिंपल्याचा मोठा वाटा ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूम गावातून जाई. त्याची मुख्य गिऱ्हाइके म्हणजे गुंड्यांचे, म्हणजे बटणांचे, कारखाने. आणि त्यांच्याबरोबर चाकूवाले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकची बटणे सर्वत्र झाली आणि तो धंदा बसला.

या स्वस्त वस्तूची किंमत कोणी मोजली, तेही पाहिले पाहिजे. ब्रूमच्या आसपास सुरुवातीच्या काळात तिथल्या मूळच्या रहिवाशांना जबरदस्तीने पाण्यात उतरवले जाई. पुढे जपानी आणि मलायी पाणबुडे आले. खोलवरून झटपट वर आल्याने होणाऱ्या विकाराने आणि वादळांनी त्यांतले कितीतरी दगावले. ब्रूमला जपानी पाणबुड्यांचे मोठे कबरस्तान आहे. तिकडे शेफील्डला कोरड्या वालुकाश्माच्या चाकावर पाती घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ बसे आणि ऐन उमेदीत माणसे खोकून मरत. म्हणजे तुमच्या तळहातावरचा तो चार बोटांचा चाकू घडवायला एकाने समुद्राचा तळ गाठला होता आणि एकाने फुप्फुसे झिजवली होती. दोघांचीही नावे त्यावर नाहीत. नाव आहे ते कंपनीचे.

आता तुम्ही म्हणाल, चाकू हाती आला, पण तो कधीचा हे कसे ओळखावे? थोडे नीट पाहिले की पुष्कळ कळते. पाते उघडून त्याच्या बुडाशी, मुठीला लागून असलेल्या चपट्या भागावर भिंगाने पाहा. तिथे कारखान्याचे नाव ठोकलेले असते. त्याबरोबर देशाचेही नाव असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. जर्मन चाकू शेफील्डच्या नावावर खपू लागल्याची ओरड झाली, तेव्हा १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. १८८९ साली तशाच धर्तीचा कायदा हिंदुस्थानातही झाला. तेव्हा ‘जर्मनीत बनलेले’ असा इंग्रजी शिक्का असलेला चाकू सामान्यपणे त्यानंतरचा. गंमत अशी, की जो शिक्का हिणवण्यासाठी मारायला लावला, तोच पुढे चांगल्या मालाची ग्वाही ठरला! तसेच, पाते न गंजणाऱ्या पोलादाचे असेल तर तो चाकू १९१३ च्या आधीचा नव्हे. कारण शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद त्या साली तयार केले.

मूठ खऱ्या शिंपल्याची की नकली, हेही पाहावे. खरा शिंपला गालाला लावला की गार लागतो आणि दाताच्या कडेवर हलकेच घासला तर किंचित खरखरतो. नकली मूठ बहुधा सेल्युलॉइडची. ती उबदार आणि गुळगुळीत लागते, आणि तिच्यातली झाक लाटांसारखी एकसारखी दिसते. मात्र तापलेली सुई टोचून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते. शिवाय जुने झाले की त्यातून आंबट वाफ सुटते आणि ती शेजारच्या लोखंडालाही गंज चढवते. म्हणून नकली मुठीचे चाकू वेगळ्या डब्यात, हवेशीर ठेवावेत. कासवाच्या कवचाच्या पिवळ्या-तपकिरी मुठीही कधी आढळतात. त्या कासवांना कायद्याचे संरक्षण असल्याने तसल्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत पडू नये. बटण दाबताच उघडणाऱ्या रामपुरी जातीच्या चाकूंचा संबंध शस्त्रांच्या कायद्याशी येतो, तेव्हा तेही दूरच बरे.

निगा राखताना आपल्या घरच्या सवयी आड येतात. तांब्या-पितळेला आपण चिंच किंवा लिंबू लावतो. शिंपल्याला आंबट लागले की तो विरघळू लागतो आणि चकाकी कायमची जाते. राखेने, विटेच्या भुकटीने पाते घासले तर बुडाशी ठोकलेली अक्षरे पुसली जातात. मऊ कोरड्या फडक्याने पुसावे आणि पात्याला व सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा, बस्स. शिंपल्याचा टवका उडाला असेल तर उडू द्या. बाजारात त्यामुळे चाकूची किंमत घटते. आपल्या कामाला तो टवकाही पुरावाच आहे. कोणाच्या तरी हातून तो खाली पडला होता, म्हणजे तो वापरला गेला होता.

अशा क्षुल्लक वस्तूंना काय करायचे, असे कोणी म्हणेल. त्याने एकदा पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) हयातभर गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, फण्या, वज्र्या जमवल्या. लोकांच्या माळ्यावरची अडगळ होती ती. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले आणि पुढे वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तिथला अडकित्ता पाहताना आपल्याला राजेरजवाड्यांपेक्षा पान खाणारी माणसे आठवतात. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना ओळही मिळत नाही, त्यांना तिथे कपाट मिळाले आहे.

केळकरांइतके आपल्याला जमणार नाही, पण शाळेच्या एका कपाटात पंचवीस वस्तू खचित जमतील. मात्र दोन पथ्ये पाळावीत. लेण्यांच्या किंवा किल्ल्याच्या परिसरातले काहीही उचलू नये, उकरू नये. भाज्याची लेणी संरक्षित स्मारक आहेत, आणि जागेवरून हललेली वस्तू मुकी होते. घरच्या पेटीतली, आठवडे बाजारातली, भंगारातली वस्तू तेवढी आपली. दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे. वस्तूबरोबर एक चिठ्ठी हवी. चाकू कोणाच्या घरचा, तो कोठून आला, त्याने काय कापले जाई, त्याला घरात काय म्हणत, आणि हे सांगितले कोणी व कोणत्या तारखेला. चिठ्ठीवाचून चाकू म्हणजे नुसते लोखंड आणि चुना.

आणि ही चिठ्ठी लिहायला वेळ थोडा आहे. चाकू कपाटात आणखी शंभर वर्षे राहील. पण वडीलधाऱ्यांना चाकूने बोरूला तोंड पाडताना ज्यांनी पाहिले, ज्यांना त्या कापण्याचा कोन आणि त्या चिरेचा आवाज ठाऊक आहे, अशी माणसे आता गावात एखाददुसरीच सापडतील. शिक्षकांनी पाचवी-सहावीच्या मुलांना त्यांच्याकडे धाडावे. मुलांनी विचारावे, “आजोबा, तुमच्या चाकूने तुम्ही काय काय कापलंत?” प्रश्न साधा आहे. उत्तर मिळेल ते ज्या शब्दांत मिळेल त्याच शब्दांत उतरवून घ्यावे, सुधारू नये. भाज्याच्या छिन्नीवाल्याला हा प्रश्न विचारायला कोणी नव्हते. आपल्या आजोबांच्या बाबतीत तसे होऊ देऊ नका.