पाच तासांचे नाटक, तीन मिनिटांचे पद

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ग्रुपवर एक अट घातली होती : “डबा, छड्या आणि सहलीच्या आठवणी पुरेशा आल्या आहेत, आता दुसरे काही द्या.” म्हणून इतिहासाकडे वळले. माझे पोट संगणकावर चालते आणि इतिहासाचा पेपर मी दहावीत शेवटचा लिहिला. तो तपासणाऱ्या बाई हा अंक वाचणार आहेत, याची जाणीव ठेवूनच लिहिते आहे.

विषय नाट्यसंगीताचा आहे. गेल्या थंडीत सुट्टीवर आले असताना आईबरोबर नगरला नाट्यपदांच्या मैफलीला गेले होते. एक ऑर्गन, एक तबला, दोन गायिका, एक गायक आणि एक निवेदिका. नांदीने सुरुवात, भैरवीने शेवट आणि मध्ये सुमारे अडीच तास पदे. सभागृहात ओठ हलत नाहीत असा माणूस दिसत नव्हता. मध्यंतरात निवेदिकेने सहज विचारले, “यातली नाटके रंगमंचावर पूर्ण पाहिलेली किती मंडळी आहेत?” थोडेच हात वर आले आणि ते सगळे सत्तरीच्या पुढचे होते. नाटक न पाहता त्याची पदे इतक्या लोकांना पाठ कशी? आणि नाटकापासून सुटताना पदाचे काय हरवले? या दोन प्रश्नांमागे लागून पुढचे महिने मी जे वाचले, त्याचा हा सारांश.

आधी आपल्या गावाविषयी. भिंगारचे नाव इतिहासात येते ते बहुधा औरंगजेबामुळे. १७०७ साली त्याने इथल्याच छावणीत डोळे मिटले. दरबारातले गाणे बंद करणारा बादशहा म्हणून त्याची कथा सांगतात, आणि त्याचा शेवट झाला तो गाण्याचे वेड असलेल्या मुलखात! आपल्याच जिल्ह्यातल्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी पेशवाईत गाजले. पुढे बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात, १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये, कृष्ण होऊन गाणारे शाहू मोडक नगरमध्ये जन्मलेले. शाहीर आणि बोलपट या दोन टोकांच्या मधला काळ संगीत नाटकाचा.

मराठी रंगभूमीची सुरुवात आपण ५ नोव्हेंबर १८४३ पासून मोजतो. त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. त्या नाटकांत पदे होती, पण ती सूत्रधार म्हणायचा. पात्रे पुढे येऊन हावभाव करायची आणि संवाद आयत्या वेळी जुळवायची. पात्राने आपल्या मनातले स्वतः गायचे, ही रीत पक्की केली ती बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा प्रयोग पाहून, असे मराठीत का नसावे, हे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातल्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. साकी, दिंडी, ओवी, अंजनीगीत, लावणीच्या चाली, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकी चाली असे जे लोकांच्या कानांत आधीच होते, ते अण्णासाहेबांनी पात्रांच्या तोंडी घातले. एकेका नाटकात शंभराहून अधिक पदे असत. त्यातली बरीचशी चार ओळींची, बोलता बोलता गायली जाणारी होती. पद हा तेव्हा संवादाचाच एक भाग होता.

गाण्याचे वजन वाढले ते पुढच्या तीस वर्षांत. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. टेंबे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक. त्यांनी ठुमरी, दादरा, कजरी असा उत्तरेकडचा माल मराठी पदांत आणला. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. पदे कमी झाली आणि लांब झाली. गाणाऱ्याला जागा मिळाली, त्यात बालगंधर्वांसारखा गळा मिळाला, आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देऊ लागले. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालायचे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले. प्रेक्षक गेले होते ते या दोघांचे गाणे ऐकायला. कथानक सगळ्यांना माहीत होते. मला वाटते, नाटकाबाहेर पडण्याची पदाची वाट इथेच तयार झाली होती.

ती वाट पुढे तीन यंत्रांनी रुंद केली. पहिले ग्रामोफोन. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर पंधरा मिनिटे खुलणारे पद त्या मापात बसवावे लागले. साठवणुकीची जागा ठरली की आतला मजकूर तिच्या मापाचा होतो, हे माझ्या व्यवसायात रोज दिसते. तबकडीत पद आले, पण त्याच्या आधीचे भांडण आणि नंतरची शांतता बाहेर राहिली. दुसरे यंत्र बोलपट. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि त्यात हरिश्चंद्र झाले होते तेच गोविंदराव टेंबे. तीन वर्षांनी बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले. काही आण्यांत गाणे आणि गोष्ट दोन्ही मिळू लागल्यावर बिऱ्हाडासकट गावोगाव फिरणाऱ्या, कर्जात बुडालेल्या मंडळ्या तगणे कठीणच होते. तिसरे यंत्र रेडिओ. आपल्यापैकी बहुतेकांना नाट्यपद भेटले ते याच यंत्रातून, सकाळी शाळेची वेणी घालताना.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पदे टिकली, कारण ती सुटी होऊ शकली. शंभर माणसांचा संसार, पडदे, भरजरी शालू यांपैकी काहीही नसताना एक पेटी आणि एक तबला घेऊन ती कुठेही जाऊ शकतात. आमच्या मैफलीचा सगळा सरंजाम एका टेम्पोत मावला असता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला मैफलीतच मिळाले. ‘शारदा’तले एक पद झाले. गायिकेने सुंदर म्हटले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग निवेदिकेने दोनच वाक्यांत सांगितले की गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक १८९९ साली लिहिले, आणि त्यातला बाप पैशांसाठी आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघाला आहे. सभागृह एकदम गप्प झाले. माझ्या शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, “माझ्या आजीचं असंच झालं होतं.” बालविवाहाला आळा घालणारा कायदा यायला १९२९ साल उजाडले. हरबिलास सारडांच्या नावावरून तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला. नाटकाशी जुळला तो नावाचा निव्वळ योगायोग. पण देवलांची मुलगी तीस वर्षे आधीपासून रंगमंचावर गाऊन दाद मागत होती. तिचे दुःख ऐकून आपण ‘वाहवा’ म्हणत होतो, कारण आपल्यापर्यंत चाल पोचली होती, मुलगी पोचली नव्हती.

‘एकच प्याला’चेही तसेच. नाटक रंगमंचावर आले १९१९ मध्ये, राम गणेश गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सिंधूची पदे आज गोड म्हणून ऐकली जातात. ती गाणारी बाई दारूत बुडालेल्या वकिलाची बायको आहे, घरात खायला नाही, ती दुसऱ्यांचे दळण दळते आहे, हे माहीत असले की त्याच सुरांचा अर्थ बदलतो. भिंगारच्या कुठल्याही गल्लीत सिंधू शोधायला लांब जावे लागत नाही.

याला अपवाद ठरले ते १९६० नंतरचे काम. विद्याधर गोखले, वसंत कानेटकर, पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या नाटकांनी आणि गोव्याच्या मंगेशीहून आलेल्या जितेंद्र अभिषेकींच्या चालींनी संगीत नाटकाला पुन्हा उभारी दिली. ‘मत्स्यगंधा’ १९६४ चे, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चे. ‘कट्यार’चा विषयच गाणे हा असल्याने त्यातले पद नाटकापासून तोडताच येत नाही. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तेव्हा माझ्या मुलाने ती पदे आपणहून शिकून घेतली, कारण कोण कोणाशी कशासाठी भांडतो आहे हे त्याला कळत होते.

आता काळजीची गोष्ट. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये स्थापन केलेल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने जुनी नाटके नाटक म्हणून जिवंत ठेवली. त्यांची कन्या कीर्ती शिलेदार २०२२ च्या जानेवारीत गेल्या. त्याच महिन्यात ‘मत्स्यगंधा’तले रामदास कामतही गेले. ध्वनिमुद्रणे उरतील, स्वरलिपी उरेल, शिकवणारेही आहेत. पण प्रसंग माहीत असलेला श्रोता कमी होतो आहे, आणि तो कुठल्याच यंत्रात साठवता येत नाही. तो दुसऱ्याला सांगूनच तयार होतो. मैफलीत ते काम निवेदिका करत होती, आणि माझ्या मते त्या संध्याकाळी गायकांइतकेच मोलाचे काम तिचे होते.

म्हणून या मेळाव्यासाठी एक सुचवते. संध्याकाळच्या कार्यक्रमात नाट्यपदे असणारच. म्हणणारे दोघे-तिघे आपल्या वर्गात तेव्हाही होते, आताही आहेत. प्रत्येक पदाआधी पाच मिनिटे ठेवू या. आपल्या सर आणि बाईंपैकी ज्यांनी ही नाटके रंगमंचावर पाहिली आहेत, त्यांनी त्या पाच मिनिटांत प्रसंग सांगावा : कोण गाते आहे, कोणासमोर, आणि त्याच्या आधी काय घडले आहे. मुलांनाही घेऊन या, पुढच्या रांगेत बसवू. सर, बाई, आपण नाही म्हणू नये ही विनंती. रेकॉर्डिंग करून सगळ्यांना पाठवण्याचे काम माझ्याकडे लागले.