मूळ प्रतीला हात न लावता

भांडारकर संस्थेच्या महाभारताचा कुठलाही खंड उघडा. पानाच्या वरच्या भागात श्लोक, खाली बारीक टाइपात पाठभेद. १९१९ ते १९६६ हे काम चाललं, १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. नकलाकारांनी शतकानुशतकं मूळ मजकुरातच भर घातली आणि कुणी काय घातलं ते टिपून ठेवलं नाही, म्हणून सुकथनकरांसारख्या संपादकांना आयुष्य वेचावं लागलं.

लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीची पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, बांधणाऱ्यांवरही हीच वेळ आली असती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रेड हॅट या लिनक्स कंपनीत मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम हे पॅकेजं बांधण्याचं साधन रचलं आणि शिस्त घालून दिली: मूळ लेखकाचा सोर्स कोड जसा आला तसा ठेवायचा. आपली दुरुस्ती वेगळ्या पॅच फाइलमध्ये. दोन्हींची सांगड कशी घालायची ते स्पेक फाइलमध्ये.

पण या फाइली ठेवायच्या कुठे? ज्याने पॅकेज बांधलं त्याच्या संगणकावर राहिल्या, तर तो माणूस गेला की सगळंच गेलं. म्हणून सगळ्यांच्या स्पेक फाइली नि पॅच एकाच मध्यवर्ती रिपॉझिटरीत आले. रेड हॅटच्या पाठबळावरच्या फेडोरा या लिनक्स प्रकल्पाने त्यासाठी सीव्हीएस ही बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली वापरली. तिचं मूळ नेदरलँड्सच्या डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टांत आहे. सुरुवातीला फेडोराचे दोन वाडे होते: ‘कोअर’ कंपनीच्या आत, ‘एक्स्ट्राज’ सर्वांना खुला. २००७ च्या फेडोरा ७ पासून मधली भिंत पडली. जुलै २०१० मध्ये सगळा संसार गिट या तशाच दुसऱ्या प्रणालीवर हलला. सीव्हीएसमध्ये प्रत्येक आवृत्तीचं वेगळं फोल्डर असे, आता प्रत्येक आवृत्तीची ब्रँच झाली.

पुण्याचा लोहित हा फाँट याच घरात नांदला. लोहित म्हणजे लाल, रेड हॅटची खूण. मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. २००४ पासून रेड हॅटने ती मुक्त परवान्याखाली खुली करायला सुरुवात केली, आणि लोहित मराठीही त्या कुटुंबात आला. २०११ मध्ये परवाना जीपीएलवरून ओएफएल झाला. फाँट कुणी, कसा वापरावा हे ठरवणारा हा बदल स्पेक फाइलमध्ये मावतो एका ओळीत. त्याच फाइलच्या तळाशी नोंदवही असते: वार, महिना, तारीख, साल, बदल करणाऱ्याचं नाव, ईमेल, आवृत्ती, आणि पुढच्या ओळीत डॅश देऊन केलेलं काम.

मूळ कोडाचं जाडजूड गाठोडं मात्र गिटमध्ये ठेवत नाहीत. ते शेजारच्या कोठारात असतं. गिटमध्ये ‘सोर्सेस’ नावाची चिमुकली फाइल, आणि तिच्यात गाठोड्याचं नाव नि आकडे-अक्षरांची एक लांबलचक माळ. गाठोड्यातलं एक टिंब हललं तरी ती माळ जुळत नाही आणि बांधणी तिथेच थांबते. अधिकृत पॅकेजही या मध्यवर्ती रिपॉझिटरीतूनच बांधलं जातं, कुणाच्या लॅपटॉपवरून नाही. माझ्या मते या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

नोव्हेंबर २०११ मध्ये फेडोराची मंडळी पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात जमली, २०१५ मध्ये पुन्हा पुण्यातच. इथल्या कितीतरी मुलामुलींनी त्या दिवसांत पॅकेज बांधणं म्हणजे काय ते पहिल्यांदा पाहिलं. उद्या त्यांच्यापैकी कुणाच्या पॅचबद्दल शंका आली, तर बाराशे पोथ्या ताडाव्या लागणार नाहीत. मूळ गाठोडं जागेवर आहे, बदल वेगळा आहे, आणि त्याखाली नाव आहे.