पारूचा दगड आणि कवीची पारो

अजिंठा गावात एका स्त्रीची साधीशी कबर आहे. तिच्या दगडावर इंग्रजीत तीनच गोष्टी कोरल्या आहेत: पारू हे नाव, ती प्रिय होती ही कबुली आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख. ती कोरविणारा रॉबर्ट गिल कंपनीच्या लष्करातला अधिकारी. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली त्याची नेमणूक झाली. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. दगड उरला.

ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य या प्रेमावर उभे आहे. हे सारे असेच घडले काय, असे लोक विचारतात. पण कविता म्हणजे सरकारी दप्तर नव्हे. साहेब आणि गावची बाई यांच्यात सत्तेचे केवढे अंतर! त्यातून पारूला काय वाटले, ते इतिहासाने टिपले नाही. आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना हे नवे नाही. मस्टरवर नाव चढते, मन चढत नाही. ते मन कवी कल्पनेने शोधतो.

म्हणून हे काव्य मनापासून वाचावे. मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की दगडावरचे शब्द गिलचे आणि काव्यातले महानोरांचे. पारूचे शब्द अजून कोणी ऐकलेले नाहीत.