मंद लयीचा एलिंग्टन

१९४६ नंतर अमेरिकेंतील कित्येक मोठे जाझवृंद मोडले. ड्यूक एलिंग्टननें आपला टिकविला. ७ जुलै १९५६ रोजीं न्यूपोर्ट येथें पॉल गोन्साल्व्हेसनें सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनें वाजवून श्रोत्यांस बेभान केलें, व वृंदाची मावळती कीर्ति पुन्हां उजळली. पुढल्याच वर्षीं एलिंग्टननें ‘एलिंग्टन इंडिगोज’ या ध्वनिमुद्रिकेसाठीं मंद लयीचीं प्रेमगीतें निवडावीं, यास कोणी निव्वळ धंदेवाईकपणा म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. ‘सॉलिट्यूड’ ही त्याची १९३४ सालची रचना. येथें तींत तो पियानोवर एकटाच बराच वेळ रेंगाळतो, वृंद मागाहून हलकेच येतो. आणि न्यूपोर्टचा तोच गोन्साल्व्हेस ‘व्हेअर ऑर व्हेन’ वाजवितांना एकेक स्वर असा जपून सोडतो, कीं तो सुटणें जणूं त्याच्या जिवावर यावें.