इंजिनाचा श्वास

मागच्या वैशाखात जळगावला गेलो होतो. दादांच्या नातवाने, म्हणजे माझ्याही नातवानेच, खोक्यातून एक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची वाकडी नळी काढून दाखवली. सोबत लाल शंकूसारखा फिल्टर. "आबा, गाडीतली मूळची काळी पेटी काढायची आणि हे बसवायचं. इंजिन मोकळा श्वास घेतं, पिकअप वाढतो!" पोरगा खुशीत होता. मला मात्र १९७८ साल आठवले.

त्या साली दादांनी जुनी जीप घेतली. आईच्या पाटल्या मोडून. धुळ्याहून साक्री, तिथून आतल्या खेड्यांना प्रवासी न्यायचे. मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो. घरातला शिकलेला मीच, म्हणून जीपच्या बाबतीतही माझे मत विचारले जाई. खरे तर मी बी.ए., विषय इतिहास. इंजिनातले मला काय कळणार!

पण जीपचा इतिहास तरी सांगू शकतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ही गाडी लाखोंनी बनवली. १९४५ साली महिंद्र बंधूंची कंपनी स्थापन झाली आणि काही वर्षांत तिने विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बोनेटची सीजे-३बी आली. आमची तीच. बोनेट उघडले की एक गोल डबा दिसे, आणि त्यातून कार्बोरेटरकडे जाणारी नळी. डब्यात तळाशी तेल. बाहेरची हवा आत येऊन तेलावरून झटकन वळे, जड धूळ तेलात पडे आणि स्वच्छ हवा पुढे जाई. इतकी साधी युक्ती!

ही युक्ती माणसाला सहजी सुचलेली नाही. पहिल्या इंजिनांना फिल्टर नव्हतेच. १९१५ साली फ्रँक डोनाल्डसन नावाचा अमेरिकन विक्रेता एका शेतकऱ्याचा बंद पडलेला ट्रॅक्टर पाहायला गेला. त्याला दिसले की धुळीनेच इंजिन झिजवले आहे. त्याने तारेची जाळी आणि कापड वापरून गाळणी तयार केली. तिच्यातूनच पुढे त्याची मोठी कंपनी उभी राहिली. १९४२ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात हाच पेच विमानांपुढे आला. स्पिटफायर विमानाच्या नाकाखाली मोठा फिल्टर बसवावा लागला. त्याने विमानाचा वेग घटला, वैमानिक कुरकुरले. मग इजिप्तमध्ये अबुकीरच्या कार्यशाळेत लहान आकाराचा फिल्टर तयार केला गेला. लक्षात घ्या, शत्रू पाठीशी असतानाही त्यांनी फिल्टर लहान केला, फेकून दिला नाही.

आम्ही फेकून दिला.

झाले असे की भर उन्हाळ्यात जीप चढावर धापा टाकू लागली. ड्रायव्हर म्हणाला, "डब्याने हिचा दम कोंडतो." दादांनी माझ्याकडे पाहिले. मी ऐटीत म्हणालो, "बरोबर आहे, हवा जास्त तर ताकद जास्त." पाना मीच धरला. डबा काढला आणि एका फिटरकडून सरळ नळीचा तुकडा करून कार्बोरेटरला बसवला. जीप खरोखर चपळ झाली! दोन महिने मी मास्तरांचा मास्तर होतो.

आता हिशेब सांगतो, जो तेव्हा करायला हवा होता. ते इंजिन २.२ लिटरचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतात. मिनिटाला २००० फेरे आणि पेडल पूर्ण दाबलेले धरले, तर इंजिन दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो. म्हणजे आमची जीप अडीचशे-तीनशे माणसांएवढा श्वास कच्च्या रस्त्याच्या धुळीत घेत होती, नाकावर फडके न बांधता.

श्रावणात मागून निळा धूर येऊ लागला. जीप ऑइल पिऊ लागली. मिस्त्रीने इंजिन उतरवले, सिलिंडरच्या आत बोट फिरवले आणि अहिराणीत एवढेच म्हणाला, "इंजिननी धूय खादी." रिंगा गेल्या, बोअर गेला. दुरुस्तीसाठी कर्ज काढले आणि बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे गेले. दादा मला एका शब्दाने बोलले नाहीत. लोकांनी विचारले तर "जुनी गाडी होती" म्हणायचे. ते गेले, तोवर मीही कबूल केले नव्हते. आज इथे करतो.

नातवाला हे सगळे सांगितले. तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी बोनेट उघडून पाहिले. मूळची पेटी बाहेरची, त्यातल्या त्यात गार हवा ओढते. उघडा शंकू बोनेटखालची गरम हवा ओढणार. गरम हवा विरळ. आपल्याकडे बाहेर ४५ अंश आणि बोनेटखाली ६५ धरले, तर सुमारे सहा टक्के हवा कमीच मिळेल. शिवाय त्याच्या गाडीत नळीतच हवा मोजणारा सेन्सर आहे. फिल्टरला तेल जास्त लागले तर तो माखतो. आणि फिल्टरच्या पुढचा एक जरी क्लॅम्प सैल राहिला, तर धूळ थेट आत.

"मग बसवू नको म्हणता?" त्याने विचारले.

मी नको म्हटले नाही. एकदा न कळता हो म्हणून झाले होते. आता न कळता नाही कशाला म्हणू? तुझ्या गाडीचे काम जाणणाऱ्याला हे तीन प्रश्न विचार, एवढेच सांगितले. त्याने नळी परत खोक्यात ठेवली. पण खोके अजून कपाटावर आहे.

निघताना त्याने विचारले, "आबा, आजोबा खरंच काही बोलले नाहीत?"

नाही रे, बोलले नाहीत. पुढची जीप घेतली तेव्हा मात्र एअर क्लीनरचे तेल ते दर आठवड्याला स्वतः बदलत, आणि मी सुट्टीला घरी असलो की डबा धरायला मलाच बोलावत.