शिकार-परवाना पद्धती, मध्य प्रांतातील

मध्य प्रांतातील राखीव जंगलांची ठराविक क्षेत्रांत वाटणी करून, प्रत्येक क्षेत्रात मर्यादित काळ व मर्यादित संख्येत जनावरे मारण्याची अनुज्ञा देणारी शासकीय व्यवस्था. नागपूर हे १८६१ पासून मध्य प्रांताचे आणि पुढे १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेश राज्याचे राजधानीचे ठिकाण असल्यामुळे या व्यवस्थेची सूत्रे तेथूनच हलत. वन्य पशूंच्या रक्षणाचा उपाय म्हणून तिचे वर्णन सामान्यतः केले जाते व ते खोटे नाही. तथापि ती मुख्यतः वाटपाची व्यवस्था होती. किती जनावरे मारावयाची हे नियमांनी ठरविले. ती कोणी मारावयाची हे मात्र बहुतांशी अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. तोपर्यंत गोंड, कोरकू, बैगा इ. जमातींची शिकार धनुष्यबाण, जाळी व सापळे यांच्या साहाय्याने चाले. पारध्यांचा तर तो वंशपरंपरागत व्यवसायच होता. फासेपारधी हे नाव त्यांच्या साधनावरूनच आलेले आहे. ब्रिटिश अंमलाच्या प्रारंभी शिकारीवर बंधने घालण्याची गरज कोणास वाटली नाही. उलट वाघ-बिबळे मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ (१८७१) आणि आर्. ए. स्टर्नडेल यांचे सिवनीच्या जंगलातील शिबिरजीवनावरील पुस्तक (१८७७) यांमुळे सातपुड्याच्या जंगलांची कीर्ती इंग्‍लंडपर्यंत पोहोचली. प्रांताची जंगले ही शिकाऱ्यांची भूमी आहेत, ही कल्पना प्रामुख्याने या वाङ्‌मयाने रूढ केली.

या व्यवस्थेचा कायदेशीर पाया १८७८ या एकाच वर्षी झालेल्या दोन कायद्यांनी घातला. भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे, फासे लावणे, पाण्यात विष कालविणे हे अपराध ठरविले. शस्त्र अधिनियमाने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला. जंगलाचे दार व शिकारीचे हत्यार ही दोन्ही एकाच वेळी सरकारच्या हाती आली. या दोहोंचा एकत्रित परिणाम पुष्कळ इतिहासलेखकांनी पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

राखीव जंगलांच्या या विभागांना ‘शूटिंग ब्लॉक’ म्हणत. विभागीय वनाधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे, आणि मंजूर झालेल्या मुदतीपुरता तो ब्लॉक अर्जदाराचा होई. त्या काळात तेथे दुसऱ्यास शिकार करता येत नसे. कोणत्या जातीची किती जनावरे मारता येतील हे परवान्यावर नमूद असे. काही ब्लॉक पाळीपाळीने बंद ठेवीत. कागदावर ही रचना चोख दिसते. परंतु सर्व ब्लॉक सारखे नव्हते आणि सर्व महिनेही सारखे नव्हते. वाघाच्या शिकारीस एप्रिल-मे हा काळ उत्तम. कारण तेव्हा नाले आटतात व जनावरे मोजक्या पाणवठ्यांवर येतात. अशा दिवसांतील चांगल्या ब्लॉकचे पंधरवडे फार थोडे, मागणारे पुष्कळ. गव्हर्नर, उच्चपदस्थ पाहुणे, लष्करी व मुलकी अधिकारी यांना यात अग्रक्रम मिळे. नागपूर किंवा जबलपूरचा सामान्य वकील वा व्यापारी नियमाने अर्ज करू शके, पण त्याच्या वाट्यास येई ते उरलेले. परदेशांत या प्रश्नाची सोडवणूक निराळ्या प्रकारे झालेली आढळते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत सार्वजनिक जमिनीवरील मर्यादित शिकार-परवाने अर्जदारांत सोडत काढून देतात व वारंवार वगळल्या गेलेल्या अर्जदारास अनेक ठिकाणी पुढील खेपेस अधिक संधी मिळते. तेथेही रानमेंढ्यासारख्या प्राण्याचे थोडे परवाने लिलावाने धनिकांकडे जातात व त्यावर टीका होते. मध्य प्रांतात सोडतीचा असा मार्ग अवलंबिला गेला नाही.

अर्जदारांच्या या रांगेत जंगलातील रहिवाशांना स्थानच नव्हते. वनखात्याने मजुरांची सोय म्हणून वसविलेल्या वनग्रामांतील कुटुंबांना जमिनीच्या मोबदल्यात खात्याचे काम करावे लागे. साहेबाच्या शिकारीत हाका घालणे, मचाण बांधणे, आमिष म्हणून रेडकू बांधून त्यावर लक्ष ठेवणे, जखमी वाघाचा माग काढणे ही कामे गोंड-बैगांची. त्यांचे जंगलाचे ज्ञान हीच शिकारीची खरी पुंजी होती. त्याच माणसाने स्वतःसाठी ससा वा हरीण मारले, तर तो चोरटा शिकारी ठरे. मंडला जिल्ह्यातील बैगांची फिरती शेती १८९० मध्ये ‘बैगा चक’ या क्षेत्रापुरती मर्यादित करण्यात आली. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बैगांविषयीच्या ग्रंथात शेतीबरोबर शिकार गेल्याचे दुःखही नोंदविले आहे.

राखीव जंगलांबाहेर चित्र वेगळे होते. मालगुजारी व जमीनदारी जंगलांत मालकाची सत्ता चाले. प्रांताशी संलग्न संस्थानांत तर राजा हाच कायदा. सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंह देव यांनी हजाराहून अधिक वाघ मारल्याचे सांगितले जाते. शेजारच्या कोरिया संस्थानच्या राजांनी १९४७ मध्ये मारलेले तीन चित्ते भारतातील शेवटच्या चित्त्यांपैकी समजले जातात. अशा आकड्यांचा त्या काळी गौरव होई.

वन्य पक्षी व पशू संरक्षण अधिनियम १९१२ मध्ये झाला. हरणे, गवे, रानम्हशी, गेंडे यांचा त्याच्या अनुसूचीत समावेश होता, वाघ-बिबळ्यांचा नव्हता. प्रांताचे वनाधिकारी ए. ए. डन्बार ब्रॅन्डर यांनी बंजर खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी एका संध्याकाळच्या फेरीत अकरा जातींची सु. १,५०० जनावरे पाहिल्याचे लिहिले आहे, आणि दोनच दशकांत ती समृद्धी ओसरल्याचेही. मोटारगाडी, प्रखर दिवे व लांब पल्ल्याच्या बंदुका ही त्याची कारणे होत. तेव्हा १९३५ मध्ये प्रांताचा स्वतंत्र मृगया-कायदा (गेम ॲक्ट) झाला. त्याच वर्षी चांदा जिल्ह्यातील ताडोबा येथे शिकार पूर्णतः बंद करण्यात आली. कान्हा परिसरातील बंजर खोऱ्याच्या काही भागास १९३३ मध्येच अभयारण्याचा दर्जा मिळाला होता.

हा दर्जा प्रतिष्ठितांपुढे किती टिकतो, याची कसोटी स्वातंत्र्यानंतर लगेच लागली. इंग्‍लंडच्या १९३६ च्या दौऱ्यात भारतीय क्रिकेट संघाचे नेतृत्व करणारे विजयनगरमचे महाराजकुमार (‘विझी’) यांनी १९४७ ते १९५१ या काळात कान्हा व त्याच्या आसपास शासनाच्या परवानगीने तीस वाघ मारले, अशी नोंद आहे. राजवट बदलली, पण परवानगी देण्याची रीत बदलली नव्हती. ज्या काळात खेडुतास निस्ताराचे लाकूडही मोजून मिळे, त्या काळातील ही उदारता होती. पुढे मध्य प्रदेश राष्ट्रीय उद्यान अधिनियम (१९५५) संमत होऊन त्याच वर्षी कान्हा व ताडोबा (११६·५५ चौ. किमी.) ही राष्ट्रीय उद्याने घोषित झाली. ताडोबा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाबरोबर मुंबई राज्यात आले.

मालगुजारी व जमीनदारी हक्क १९५१ मध्ये नष्ट होऊन ती जंगलेही शासनाकडे आली. सार्वजनिक जंगलाचे क्षेत्र वाढले. पण त्याच सुमारास पीकसंरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने वाढले आणि ब्लॉकसाठी एक नवा, अधिक समर्थ अर्जदार पुढे आला, तो म्हणजे शिकारयात्रा योजणाऱ्या कंपन्या. नागपूरच्या ॲल्विन कूपर या कंपनीचे नाव अमेरिकेतील शिकारविषयक मासिकांच्या वाचकांना परिचित होते. परदेशी पाहुणा डॉलर मोजी, शासनास परकीय चलन हवे होते. पूर्वी अधिकारपदाने मिळणारा अग्रक्रम आता पैशाने मिळू लागला, एवढाच फरक. हाका घालणारे तेच राहिले.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या १९६९ च्या दिल्ली अधिवेशनानंतर १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. वाघांच्या १९७२ च्या गणनेत देशात सु. १,८२७ वाघ आढळले. त्याच वर्षीच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने परवाने संपविले नाहीत. विशेष, मोठी व लहान शिकार अशी त्यांची वर्गवारी तेवढी केली. शिकार-परवान्यांची ही पद्धती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आज ताडोबात वाटप होते ते वाघ पाहण्याच्या संधीचे. प्रत्येक प्रवेशद्वारी वाहनांची संख्या ठरलेली असून संगणकावर आगाऊ नोंदणी करावी लागते.

बंदी सर्वांस सारखी असली, तरी तिचा भार सारखा पडला नाही. वनहक्क अधिनियमाने (२००६) वनवासींच्या परंपरागत हक्कांना मान्यता दिली, परंतु त्यांतून शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. दुसरीकडे, १९७२ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार माणसास धोकादायक झालेले जनावर मारण्यास मुख्य वन्यजीव रक्षक ‘कोणत्याही व्यक्तीस’ परवानगी देऊ शकतो. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूस कारण मानलेल्या ‘अवनी’ (टी-१) या वाघिणीसाठी हैदराबादचे ख्यातनाम शिकारी नवाब शफात अली खान यांना पाचारण करण्यात आले व त्यांचे पुत्र असगर अली खान यांच्या गोळीने ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात ठार झाली. तत्पूर्वी हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे व सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. वाघीण मारावी की नाही याबरोबरच ती मारण्याचे काम बाहेरच्या नामांकित शिकाऱ्याकडे का द्यावे, हाही वादाचा विषय झाला. शेतकऱ्याचा अनुभव याहून निराळा आहे. पिके उद्ध्वस्त करणारे रानडुक्कर वा रोही मारण्यासाठी त्याला वनाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो; परंतु बंदूक व तिचा परवाना बहुतेकांजवळ नसतो, आणि अर्ज मंजूर झाल्यावरही त्याला परवानाधारक बंदूकवाला शोधावा लागतो.