एका उपग्रहाची दोन कामे : १९७५

पृथ्वीलगत फिरणाऱ्या यानाशी संभाषण करण्यातील मूळ अडचण क्षितिजाची होय. वलगावच्या माळावर एखादे भूकेंद्र असते आणि सव्वादोनशे किलोमीटर उंचीवरील यान नेमके डोक्यावरून गेले असते, तरी ते साताठ मिनिटांहून अधिक काळ दृष्टिपथात राहिले नसते. म्हणून अमेरिका व सोव्हिएत संघ या दोघांनीही भूकेंद्रे उभारली, समुद्रात जहाजे उभी केली; तरीही प्रत्येक प्रदक्षिणेचा मोठा भाग मुकाच जाई.

यावरचा उपाय म्हणजे मध्यस्थ उपग्रह. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर राहून तो खालच्या यानाकडे पाहतो, आणि त्याचे संदेश एकाच भूकेंद्राकडे पोचवितो. एवढ्या उंचीवरून खालच्या कक्षेचा निम्म्याहून थोडा अधिक भाग दिसतो. मानवयुक्त यानासाठी या कल्पनेची पहिली कसोटी जुलै १९७५ मधील अपोलो–सोयूझ भेटीच्या वेळी लागली, व ती लावली एटीएस-६ या उपग्रहाने.

भारतीय वाचकाला हे नाव परके नाही. ३० मे १९७४ रोजी सुटलेला, नऊ मीटर व्यासाची छत्री उलगडणारा हा उपग्रह १९७५ च्या मध्यास अमेरिकेवरून सरकवून ३५ अंश पूर्व रेखांशावर आणण्यात आला, तो भारताच्या ‘साइट’ या दूरचित्रवाणी-प्रयोगासाठी. वलगावातून तो पश्चिम-नैर्ऋत्येस, क्षितिजापासून सुमारे ३६ अंश उंचीवर असता. अपोलोचे काम हे वाटेतले काम होते. २४ जुलैला अपोलो समुद्रात उतरले आणि आठच दिवसांनी, १ ऑगस्टला, तीच छत्री भारतीय खेड्यांसाठी बोलू लागली. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत कोंबड्यांच्या जाळीपासून केलेल्या तीन मीटरच्या थाळ्यांवर हे कार्यक्रम ३१ जुलै १९७६ पर्यंत उतरत होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. गुलबर्गा व विजापूर हे सीमेवरचे जिल्हे मात्र होते. प्रयोगाची धुरा वाहणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस आणि प्रमोद काळे ही दोन मराठी नावे आहेत. साइटच्या गौरवात ऑगस्टपूर्वीचा तो जुलै सहसा विसरला जातो. वास्तविक उपग्रह भारतासाठी पूर्वेस आणला गेला नसता, तर अपोलोला हा दुवा त्या जागी मिळाला नसता.

पुढचा इतिहास अधिक विचित्र आहे. अमेरिकेने केवळ याच कामासाठी टीडीआरएस मालिका उभारली. एप्रिल १९८३ मध्ये चॅलेंजर यानातून सोडलेला तिचा पहिला उपग्रह वरच्या टप्प्याच्या अग्निबाणातील बिघाडामुळे भलत्याच कक्षेत अडकला, व स्वतःच्या चिमुकल्या प्रेरकांनी कित्येक आठवडे रेटत इच्छित स्थळी नेला गेला. दुसरा २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजरच्या अपघातात नष्ट झाला. १९८८ मध्ये दोन उपग्रह एकदाचे कामास लागले, ते ४१ व १७१ अंश पश्चिमेवर. कारण दोघेही न्यू मेक्सिकोतील एकाच भूकेंद्राला दिसावयास हवे होते. परिणामी पृथ्वीच्या पाठीमागे, हिंदी महासागरावर, एक आंधळा पट्टा उरला. खालून जाणाऱ्या यानासाठी तो विषुववृत्तावर साधारण ५७ ते ९१ अंश पूर्व असा पसरे. वलगावचा रेखांश सुमारे ७७.७, ज्या आकाशाकडे पाहणारा पहिला दुवा होता, तेच आता गाळले गेले.

ही केवळ नकाशावरील उणीव नव्हती. १९९२ मध्ये कॉम्प्टन गॅमा-किरण वेधशाळेची माहिती साठविणारी फीतयंत्रे बिघडली, तेव्हा त्या पट्ट्यातील निरीक्षणे कायमची हरवू लागली. अखेर तोच जुना १९८३ चा उपग्रह ८५ अंश पूर्वेवर नेऊन कॅनबेराजवळच्या भूकेंद्राशी जोडावा लागला. सोव्हिएत संघाने आपली ‘लुच’ मालिका १९८५ मध्ये सुरू केली होती. त्याआधी एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूट-७ वर गेलेल्या राकेश शर्मांचा आवाज भूकेंद्रे व जहाजे यांच्याच आधाराने खाली आला. भारताच्या गगनयानाच्या आराखड्यात इस्रोने आपल्या स्वतःच्या मध्यस्थ उपग्रहांची तरतूद केली, ती याच क्षितिजाच्या अडचणीपोटी.